बोटभर कमी

गादीवाल्यानं फोनवर विचारलं, "साहेब, मोठी कुठल्या खोलीत टाकायची आणि लहान कुठल्या?" तेव्हा त्याला आधी वाटलं, हा चुकीच्या गिऱ्हाइकाशी बोलतोय. जगातल्या निम्म्या लोकांना धड फोन लावता येत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना धड बोलता येत नाही, असं त्याचं फार जुनं मत होतं. तो कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत उभा होता, समोर पितळी बुशांचा, आरपार भोक असलेल्या नळ्यांचा, ट्रे होता आणि हातात भोक तपासायचं गेज होतं.

"लहान कसली?" तो म्हणाला. "मी एकच गादी सांगितली होती."

"एक तुमची. दुसरी बाईंची." गादीवाल्याच्या आवाजात काम वेळेवर झाल्याचा आनंद नुसता उतू जात होता. "सिंगल आहे ती. तिच्यात चारी बाजूंनी बोटभर कमी घेतलंय, चादर खोचायला. बाईंनी स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं. दोन्ही टेम्पोत चढवल्यात, संध्याकाळी येतील. आमची माणसं दारात उभी राहून घोळ घालतात, म्हणून म्हटलं आधीच विचारावं."

"घातला घोळ तर बघू," तो म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला.

गादीवाला मूर्ख आहे, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. ते ठरवायला फार कष्ट पडले नाहीत. दुकानात गेला होता तेव्हाच त्यानं त्या माणसाची किंमत केली होती. बोलता बोलता तो प्रत्येक गादीवर थाप मारायचा, बाजारात म्हैस विकायला आणल्यासारखा, आणि थाप मारली की 'आहाहा' म्हणायचा. माप घ्यायला त्याच्याकडे शिंप्याची कापडी टेप होती, तीही ओढून ओढून ताणलेली. अशा माणसानं एकाच्या दोन गाद्या केल्या तर नवल काय. पण मूर्ख माणूस एकाच्या दोन करील. दुसरी लहान करणार नाही, तीही चारी बाजूंनी बोटभर कमी. मूर्ख चुकतो तेव्हा ढोबळ चुकतो, इतकं नेमकं चुकायला कुणीतरी सांगावं लागतं. हा विचार डोक्यात आला आणि त्यानं हातातलं गेज उगाचच पुसलं. ते स्वच्छच होतं. त्याच्या हातातलं गेज नेहमीच स्वच्छ असे.

गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात सहज जायला हवं, दुसरं जाता कामा नये. पहिलं अडलं किंवा दुसरं शिरलं, की माल बाद. न शिरणाऱ्या टोकाला लाल पट्टा असतो आणि त्याला नो-गो म्हणतात. कारखान्यातली माणसं त्यालाही पाठीमागं नोगो म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि खोटं कशाला सांगा, ते त्याला आवडायचं. सगळं जग जाणारं टोक झालेलं असताना कुणीतरी न जाणारं असायला हवं की नको? ज्याला त्याला होकार देत फिरणारी माणसं त्याला दिसली की त्याच्या तोंडाची चव जायची. त्याचा साहेब तसला होता, साडू तसला होता, खालच्या मजल्यावरचा निवृत्त मास्तर तर नुसता होकाराचा पुतळा. आपण बाद मालावर लाल रंगाचा ठिपका लावायचा आणि ट्रे बाजूला सरकवायचा. ठिपका लावताना ओरडायचंही नाही. ओरडतात ते ज्यांना समोरच्यात अजून काही आशा असते. ठिपका लावला की संपलं.

त्यानं दोन बुश तपासले आणि तिसऱ्याला त्याला दुकान आठवलं. बायको बरोबर होती. तिला आणायची गरज नव्हती, पण तीच म्हणाली होती, मी येते. पलंगाच्या चौकटीचं आतलं माप त्यानं गादीवाल्याला तोंडपाठ सांगितलं, मिलिमीटरमध्ये, आणि गादीवाला म्हणाला, "मग चारी बाजूंनी बोटभर कमी घेऊ, साहेब. चादर खोचायला." त्यानं विचारलं, "कुणाचं बोट?" गादीवाला हसला. त्याला तो विनोद वाटला. "तुमचं की माझं? की तुमच्या मुलाचं? बोट हे माप आहे का?" तेव्हा बायको हळूच म्हणाली होती, "अहो, हात जायला जागा हवी ना." आणि तो म्हणाला होता, "हात कशाला जायला हवा? गादी झोपायला असते." दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.  मग निघताना ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी कापडाचा रंग बघून येते." तो बाहेर फुटपाथवर उभा राहिला, काचेतून ती आणि गादीवाला बोलताना दिसत होते, आणि त्याच्या मनात आलं होतं, बायकांना गादीच्या पोटातलं काही कळत नाही, वरचा रंग मात्र हवा. ती बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, "मग, कोणता ठरला?" ती म्हणाली, "निळा." वाटेत तिनं भाजी घेतली. घरी येईपर्यंत ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती, आणि त्याला वाटलं होतं, गादीच्या आनंदात आहे.

तिच्या आनंदाची त्याला आतून गरज होती. ती आपली उशी घेऊन लेकीच्या खोलीत गेली, त्याला बरेच महिने झाले होते. लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, खोली रिकामी पडली, आणि त्याच सुमारास मोठ्या पलंगावरच्या जुन्या गादीला मधोमध खड्डा पडला. बायकोची पाठ दुखायला लागली. "नवीन गादी येईपर्यंत तिकडे पडते," ती म्हणाली. यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. पाठ दुखत होती. त्यानं ते वाक्य मनात अनेक वेळा तपासून पाहिलं होतं, उजेडात धरून, आणि त्यात कुठे तडा सापडला नव्हता. नवीन गादी येईपर्यंत. म्हणजे गादी आली की परत. मग त्यानं ठरवलं, नुसती गादी कशाला, पलंगच नवा करू. जुन्यावर गादी सरकायची, पट्ट्या ठोकून बसवावी लागली होती. नवा असा हवा की चारी बाजूंनी उंच चौकट आणि तिच्यात गादी अशी बसेल की भूकंप आला तरी हलणार नाही. सुताराला त्यानं चौकटीचे कोपरे पुन्हा करायला लावले, मग पुन्हा. सुतार म्हणाला, "यावर गादी येणार, साहेब, कोण बघतंय." या 'कोण बघतंय'वर जगातली सगळी घाण उभी आहे, असं त्याला वाटलं आणि त्यानं ते सुताराला ऐकवलं. बायको दारात चहा घेऊन उभी होती. तीही तेव्हा काहीतरी म्हणाली होती. काय बरं म्हणाली होती? त्याला आता आठवेना, कारण तेव्हा त्यानं ऐकलं नव्हतं. ट्रे धरलेले तिचे हात तेवढे आठवत होते. मधल्या बोटाच्या सांध्यावर चिकटपट्टी होती.

चिकटपट्टीवरून त्याला जुन्या पलंगाच्या पट्ट्या आठवल्या. जुन्या पलंगात गादी बोटभर सैल होती. कुशीवर वळलं की सरकायची, आणि त्या सरकण्यानं त्याची झोप उडायची. शेवटी त्यानं एका सुट्टीच्या दिवशी लाकडाच्या पट्ट्या तासून चारी बाजूंनी ठोकून बसवल्या. त्या दिवशी तो इतका खूश होता की शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. रोज सकाळी बायको त्या पलंगाभोवती गुडघ्यावर फिरत चादर खोचायची. हे दृश्य त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की ते त्याला दिसतच नसे. तो दाढी करत असायचा, आरशात तिची पाठ असायची, वाकलेली, एका कडेनं सरकत जाणारी. चादर त्याला ताठ लागायची. एक सुरकुती असली तरी पाठीला कळायची. मग एकदा त्याची पोलादी फूटपट्टी कप्प्यातून नाहीशी झाली. सगळं घर उलथंपालथं केल्यावर ती गादीच्या खाली सापडली. बायको चादर आत सारायला ती वापरत होती. त्याचा संताप अनावर झाला. "हे उपकरण आहे," तो ओरडला, "उलथनं नाही!" दुसऱ्या दिवसापासून ती लाकडी डावाचा दांडा वापरायला लागली असावी, कारण दांड्याचं टोक घासलेलं दिसायचं. त्यानं एकदा तिच्या बोटाची चिकटपट्टी बघून विचारलं होतं, "कुठे कापलं?" ती म्हणाली, "गादीनं." गादीनं कापलं! तो पोट धरून हसला होता. कारखान्यातही सांगितलं होतं, आमच्या घरी गादीला धार आहे म्हणून. लोक हसले होते. ती हसली होती की नाही, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

दुपारच्या जेवणानंतर लेथवरचा टर्नर आला. हा टर्नर म्हणजे फुशारकीचं पोतं. दोन पैशांचं काम आणि चार आण्यांची बढाई. आला तोच हसत, हातात बुश आणि त्यात बसवलेला शाफ्टचा दांडा. "बघा, साहेब," तो म्हणाला, "काय बसलंय! मधनं सुई जायची नाही. आता काढा चूक."

त्यानं ते हातात घेतलं. खरंच सुई गेली नसती. "फिरव," तो म्हणाला.

टर्नरनं फिरवायचा प्रयत्न केला. मग दोन्ही हातांनी केला. त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या.

"फिरव ना. का रे? हे काय बाटलीचं बूच आहे? शाफ्ट आहे हा, आयुष्यभर फिरायचंय त्याला. फिरायचं तर फट हवी. तेल कुठून जाणार, तुझ्या डोक्यातून? घट्ट बसलं, घट्ट बसलं म्हणून नाचत आलास. घट्ट बसवायला अक्कल लागत नाही, गाढवालाही जमतं ते. जागा किती सोडायची, त्याला अक्कल लागते. घटकाभर चालेल हे. मग तापेल. मग धरेल. आणि एकदा का धरलं, की..."

तो थांबला. टर्नर खाली मान घालून उभा होता. ही शिवीगाळ पुढे कुठे जाते हे त्याला सवयीनं पाठ होतं, आणि ती तिथं गेली नाही तेव्हा त्यानं मान वर केली. "एकदा धरलं की काय, साहेब?"

"काही नाही. घेऊन जा."

"ठिपका?"

"घेऊन जा म्हटलं ना."

टर्नर दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुमची?" आता टर्नरनंही त्याची कीव करावी, एवढंच उरलं होतं. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. गादी म्हणजे काही शाफ्ट नव्हे, त्यानं स्वतःला समजावलं. गादीला फिरायचं नसतं. पलंगात फिरणारं काही नसतंच. तेल लागत नाही, काही तापत नाही, काही धरत नाही. उपमा हा अडाण्यांचा धंदा आहे. ज्यांना मोजता येत नाही ते उपमा देतात. हे सगळं अगदी बरोबर होतं आणि तरी आरशातली ती वाकलेली पाठ पलंगाच्या कडेनं सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत आली, वळली, आणि पुन्हा सरकायला लागली. रोज सकाळी काहीतरी त्या पलंगाभोवती फिरत होतं, हे त्याच्या मापात कधी आलंच नव्हतं.

तो त्या दिवशी वेळेआधी निघाला. पहारेकऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. पहारेकऱ्यांना घड्याळ कळतं, बाकी काही कळत नाही. बसस्टॉपसमोर गाद्यांची एक प्रचंड जाहिरात लावलेली होती. एक बाई झोपेत हसत होती. झोपेत कोण हसतं? वेडे हसतात. तिच्या अंगाखाली चादर अशी गुळगुळीत होती की ती खोचलेली असणार, आणि खोचणारं माणूस चित्रात कुठेच नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा शर्ट पँटीतून निम्मा बाहेर आला होता. त्याला ते बघवेना. हे असं निम्मं आत, निम्मं बाहेर बघितलं की त्याला लहानपणचं घर आठवायचं.

लहानपणी त्याच्या घरात सगळंच सैल होतं. वडलांच्या शर्टाची बटणं दोऱ्यावर लोंबकळायची. नळ ठिबकायचा. खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कागदाची घडी असायची, ती सरकायची, आणि बसलेला पाहुणा दचकायचा. कशाबद्दलही विचारलं की वडील म्हणायचे, "चालतंय." बटण तुटलं, चालतंय. फी भरायची तारीख गेली, चालतंय. नोकरी गेली तेव्हाही ते पायातले बूट काढत तेच म्हणाले होते. बाहेरचं दार चौकटीत कधी नीट बसलं नाही, बोटभर फट राहायची. हिवाळ्यात तिच्यातून वारा यायचा, त्याचं काही वाटायचं नाही. एका संध्याकाळी आई वडलांना बोलत होती. आई बोलायची तेव्हा आवाज न चढवता बोलायची, आणि वडील खाटेच्या कडेवर बसून तळहातांकडे बघत होते, मग त्यांनी तळहात तोंडावर ठेवले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तो अभ्यासाचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात होता. त्यानं दाराकडे पाहिलं. फटीत एक डोळा होता. त्याच्या खाली दुसरा, त्याच्याही खाली तिसरा, शेजारच्या पोरांचे, एकावर एक. दुसऱ्या दिवशी गल्लीत पोरांनी नाटक केलं. एक जण आई झाला आणि एक जण वडील, तळहात तोंडावर ठेवून खांदे हलवणारा. सगळी गल्ली हसली. त्यालाही हसावं लागलं, नाहीतर ते त्याला वेगळं काढून हसले असते. त्या दिवसापासून त्याला फट या वस्तूचाच तिटकारा आला. सुट्टीत मावशीकडे गेला की ती रात्री त्याचं पांघरूण चारी बाजूंनी गादीखाली गच्च खोचायची, इतकं की त्याला कुशीवर वळता यायचं नाही, आणि तो त्या घट्टपणात डोळे मिटून पडायचा. कुठूनही कुणाचा डोळा आत येणार नाही, इतकं ते बंद असायचं. स्वतःच्या घरात त्यानं 'चालतंय' हा शब्द शिरू दिला नाही. लेक लहानपणी एकदा बोलली होती, तेव्हा तिला त्यानं दिवसभर त्या शब्दावरून सोललं होतं. बायकोच्या तोंडून तर तो कधीच आला नाही. शहाणी बाई. निदान आजपर्यंत तो तसं धरून चालला होता.

घरासमोर टेम्पो उभा होता. वर गेला तर दार सताड उघडं, आणि गादीवाल्याची दोन माणसं मोठ्या खोलीत मोठ्या गादीशी झटत होती. एक बाजू बसवली की दुसरी उसळायची. "साहेब, पलंग लहान झालाय," त्यातला एक धापा टाकत म्हणाला.

"पलंग लहान होत नसतो," तो म्हणाला. "दाबा."

ती दोघं गादीवर चढली आणि गुडघ्यांनी दाबत, पायांनी तुडवत कडेकडेनं सरकली. शेवटचा कोपरा आत गेला तेव्हा गादीतून एक लांब उसासा निघाला आणि ती बसली. चौकटीबरोबर सपाट. त्यानं कडेनं नख फिरवून पाहिलं. नख कुठेच अडलं नाही आणि कुठेच आत गेलं नाही. एवढं अचूक काम या घरात पूर्वी झालं नव्हतं, बहुधा या गल्लीतही नाही. त्याला क्षणभर खरंच बरं वाटलं. मग माणसं गेली, आणि लेकीच्या खोलीतून चादर झटकल्याचा आवाज आला.

तो दारात जाऊन उभा राहिला. लहान गादी लेकीच्या पलंगात बसली होती आणि तिच्याभोवती चारी बाजूंनी बोटभर जागा होती. एक नीट, सरळ, सारख्या रुंदीची जागा; तपासनीस म्हणून त्याला ते मान्य करावं लागलं. बायको चादर खोचत होती. गुडघ्यावर बसली नव्हती. नुसती वाकली होती, आणि तिचा तळहात चादरीसकट आत जाई, थोडा पुढे सरके, आणि बाहेर येई. अडत नव्हता. ओढावा लागत नव्हता. त्या हाताला इतकं सोपं काम करताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर हसू वगैरे नव्हतं, त्या जाहिरातीतल्या बाईसारखं. पण कपाळावर एक आठी असायची ती नव्हती, आणि ती आठी जन्मजात आहे असं तो समजून चालला होता.

"आलात?" ती म्हणाली. "आज लवकर? चहा ठेवते."

"चहा राहू दे. ही गादी कुणाची?"

"माझी."

"नवीन आली की परत येणार होतीस."

ती कोपऱ्याशी आली, चादरीची घडी करून आत सारली. "म्हणाले होते ना मी. म्हणून तर जागा सोडायला सांगत होते. घरी म्हटलं, दुकानात म्हटलं. सुतार होता तेव्हाही म्हटलं होतं, चौकट जरा मोठी करा म्हणून."

"चादरीसाठी?" त्याच्या आवाजात त्याचा नेहमीचा तो सूर आपोआप आला. "बोटभर चादरीसाठी माणूस खोली बदलतं?"

"बोटभर चादरीसाठीच," ती म्हणाली. "मी काय तुमच्याकडे आकाशातला चंद्र मागत होते?"

  त्याला वाटलं, ही बाई हट्टी आहे, मग वाटलं, ही बाई मूर्ख आहे, आणि ही दोन्ही मापं तिला लावून पाहिली तर दोन्ही बसेनात. खालच्या जिन्यावर कुणाच्यातरी चपला वाजल्या. त्यानं आवाज खाली आणला आणि मग जे बोलला ते त्यालाच दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. "कापून घेऊ. बोटभर. चारी बाजूंनी. उद्या त्या गादीवाल्याला सांगतो."

एकदा मापात बसलेला माल त्यानं आयुष्यात कधी पुन्हा करायला सांगितला नव्हता. निदान स्वतःच्या मापाचा माल तर नाहीच. तिला याची किंमत कळेल अशी त्याची खात्री होती. ती सरळ उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, शांतपणे, उजेडात धरून पाहावं तसं.

"नको," ती म्हणाली. "चांगली बसलीय. तुम्हाला तशीच आवडते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तो सूर त्यानं ओळखला. तो त्याचाच होता. ठिपका लावून बाद माल बाजूला सरकवताना त्याचा हाच सूर असायचा. एवढी वर्षं त्यानं या बाईला कधी तपासून पाहिलं नाही, आणि ती मात्र रोज सकाळी, गुडघ्यावर, त्याला तपासत होती.

तो मोठ्या खोलीत परत आला. पलंगावर तिनं त्याच्यासाठी धुतलेली चादर घडी करून ठेवली होती. त्यानं ती पसरली. एका कडेचं कापड बोटांनी गादी आणि चौकटीच्या मधे सारलं. बोटांची टोकंही आत गेली नाहीत. त्यानं जोर केला, तेव्हा नख मागं उलटलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग त्यानं कप्पा उघडून पोलादी फूटपट्टी काढली, आणि गुडघ्यावर बसला. गुडघे कडकड वाजले. फूटपट्टीच्या टोकानं कापड आत सारत सारत तो कडेनं सरकू लागला. एक बाजू कशीबशी आत गेली. दुसऱ्या बाजूला आला आणि ओढून खोचायला गेला तर पहिली निसटून वर आली. त्यानं पुन्हा पहिली खोचली. दुसरी वर आली. त्याच्या मधल्या बोटाच्या सांध्यावरची साल निघाली होती आणि स्वच्छ चादरीवर बारीक लाल ठिपका पडला होता.

"अगं," तो हाक मारून म्हणाला, "जरा येतेस का?"

"काय हवंय?" तिकडून आवाज आला.

"चादर बसत नाहीये."

 ती तिकडूनच म्हणाली, "असू द्या तशीच. चालतंय."

आवाज सहज होता. बोलून झाल्यावर तिनं दार लोटल्याचंही ऐकू आलं. त्या शब्दानं आपल्याला संताप येईल म्हणून तो गुडघ्यावर बसून वाट बघत राहिला. संताप काही आला नाही. तो उठला आणि फूटपट्टी हातात घेऊन लेकीच्या खोलीपाशी गेला. दार ठोठावावं म्हणून हात वर केला आणि तसाच ठेवला, कारण दार पूर्ण लागलं नव्हतं. संध्याकाळचा उजेड आत अजून होता. बायको नव्या गादीवर उताणी पडली होती, डोळे मिटून, दोन्ही हात अंगापासून लांब पसरून, आणि पलंगावर तिच्याशिवाय कुणालाही जागा नव्हती. तो आत गेला नाही आणि मागंही वळला नाही. बाहेर अंधार पडेपर्यंत तो त्या बोटभर फटीला डोळा लावून उभा राहिला.